दगड ब्रासनं मोजलात, खड्डा कुणी मोजायचा? : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी साताऱ्याची, शाळेत भूगोल शिकवते. गेल्या रविवारी सकाळी मुलांना प्रस्तरारोहणाच्या, म्हणजे कातळ चढण्याच्या, सरावाला घेऊन महामार्गालगतच्या आमच्या बंद खाणीत गेले, तर कातळाच्या पायथ्याशी राडारोड्याचे सात ढीग पडलेले. पाडलेल्या घरांच्या विटा, फुटक्या फरश्या, वर आलेल्या सळ्या. मुलं दोरावरून जिथे उतरतात, बरोबर तिथेच. माझी लेक काही बोलली नाही. दोराची पिशवी तिनं परत गाडीत ठेवली.

आठ महिन्यांपूर्वी ही खाण प्रस्तरारोहणासाठी राखून ठेवू, असं आपण भर व्यासपीठावरून सांगितलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या, घरी येऊन पेढे वाटले. त्यानंतर अर्ज घेऊन अकरा हेलपाटे झाले. एक टेबल म्हणतं जमीन महसूलची, दुसरं म्हणतं विषय क्रीडेचा, तिसरं म्हणतं साहेब दौऱ्यावर आहेत. प्रत्येक हेलपाट्याला माझी अर्धी रजा गेली.

साहेब, माझे वडील याच खाणीत सव्वीस वर्षं जॅकहॅमर चालवत होते. तोंडाला उपरणं बांधायचे, तेवढंच संरक्षण. छाती धुळीनं भरली. शेवटची चार वर्षं त्यांना आडवं झोपता आलं नाही, उशांना टेकून बसूनच रात्र काढायचे. त्या भिंतीवर सुरुंगाच्या भोकांचे उभे अर्धे पन्हळ अजून दिसतात. माझी लेक त्यांत बोटं रुतवून वर चढते. त्यातलं एखादं तरी तिच्या आजोबांनी पाडलेलं असणार. तुमच्या अर्जात यासाठी रकाना नाही.

सुरुंगानं कातळ खिळखिळा होतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर दोन हिवाळे आम्ही वरून दोराला लटकून पहारीनं सैल दगड पाडले. हातोडीनं इंच इंच वाजवून पाहिला. पक्का दगड खणखणतो, पोकळ दगड भद्द वाजतो. पुण्याच्या जाणत्या गिर्यारोहकांनी येऊन पारख केली, मगच दोर अडकवायचे बोल्ट कातळात ठोकले. तेही स्टेनलेस स्टीलचे, कारण आपल्याकडच्या पावसात साधं लोखंड टिकत नाही. त्या पैशांत माझी एक बांगडी गेली.

दुसरी जागा शोधा, असं एक अधिकारी म्हणाले. कुठे शोधू? कासचा माथा जांभ्याचा, तो बोल्ट धरत नाही, शिवाय ते पठार जागतिक वारसा आहे आणि त्याला हात लावू नये या मताची मी स्वतः आहे. अजिंक्यताऱ्याला भोकं पाडायची? ही खाण आधीच फोडलेली आहे. तिथे निसर्गाचं आणखी काही बिघडायचं राहिलेलं नाही, आणि आत काळा, टणक बेसॉल्ट सरळ उभा आहे.

मागणं फार नाही. राडारोडा उचला. पलीकडच्या पाण्यानं भरलेल्या डोहाला कुंपण घाला, कोणाचं तरी पोर बुडायच्या आत. जागेचा ताबा लेखी द्या. पैसे नाहीत म्हणू नका. खाणींनी बाधित झालेल्या गावांसाठीच जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, २०१५ च्या कायद्यानं आलेलं. २०२१ मध्ये दगडासारख्या गौण खनिजाचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ब्रासला (शंभर घनफुटांना) ४०० वरून ६०० रुपये केलंत. दगड गेला तो ब्रास ब्रास मोजून गेला. मागे राहिलेला खड्डा मात्र कुणाच्याच वहीत नाही. माझे वडील तरी कुणाच्या वहीत आहेत?

हा जिल्हा खाशाबा जाधवांचा. लोकांच्या वर्गणीवर हेलसिंकीला गेले आणि १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. सत्तर वर्षं झाली, पोरांनी अजून वर्गणीवरच का जायचं? आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा चौकाचौकांत फलक लागले. पदक आल्यावर सगळे धावतात. त्याच्या आधीची वर्षं आईबाप एकटे काढतात, पीएफ मोडून, दागिने मोडून. टोकियोपासून प्रस्तरारोहण ऑलिम्पिकमध्ये आहे. २०२८ ला लॉस एंजेलिसला त्यात सहा सुवर्णपदकं असतील. माझ्या लेकीला तिथे पाठवा असं मी म्हणत नाही. रविवारी सकाळी तिला हात घालायला कातळ असावा, एवढंच म्हणते.

साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये तुमच्याच सरकारी यंत्रणेनं काढलं. मी ते पानन् पान वाचलंय. ज्यांनी ते राबवायचं, त्यांच्यापैकी एकानं मला विचारलं, ‘बाई, खाणीत चढून मिळतं काय?’ मी तिथे रडले नाही. घरी येऊन रडले.

या रविवारी सकाळी सातला आम्ही घमेली आणि फावडी घेऊन खाणीत असू. विटा हातानं निघतील. फरश्या आणि सळ्यांना जेसीबीच लागेल.

आपली,
एका खाणकामगाराची मुलगी, सातारा

ता. क. ढीग टाकणाऱ्या दोन ट्रॅक्टरचे नंबर लेकीनं वहीत लिहून ठेवलेत. तक्रारीसोबत जोडले होते, पण पोचपावतीवर ‘सहपत्र : निरंक’ असं लिहून आलं आहे.