कॅचरचा उघडा हात आधी लपवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

शाळांच्या सॉफ्टबॉल स्पर्धा तोंडावर आल्यात म्हणून लिहितेय. मागच्या वर्षी कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडताना, माझ्या भाचीचं उजव्या हाताचं बोट मोडलं, बॅटची नुसती कड लागलेला बॉल थेट उघड्या बोटांच्या टोकावर बसला. पोरीची यात काही चूक नाही, तो हात तिथे ठेवायचा नसतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडची पोरं क्रिकेट बघत मोठी होतात, त्यामुळे कॅचर म्हणून बसवलं की विकेटकीपरसारखे दोन्ही पंजे जोडून पुढे करतात. पण कीपरच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज असतात, कॅचरच्या एकाच हातात मिट म्हणजे जाड ग्लोव्ह, दुसरा उघडाच. महिलांच्या मॅचमध्ये पिचर ४३ फुटांवरून टाकते, त्यात बॅटला घासून बॉल वळला तर हात मागे घ्यायला वेळ कुठून मिळणार? मी कॉलेजात चार वर्षं कॅचर होते, आम्हाला शिकवलेलं की बेसवर (धावताना थांबायच्या जागेवर) रनर नसेल तर तो हात पाठीमागे नाहीतर घोट्यामागे, रनर असेल तर मिटच्या आड सैल मूठ आणि अंगठा बोटांच्या आत. बेसबॉलमध्ये ही एका हाताने बॉल घ्यायची पद्धत रुळवली त्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी रेड्स संघाचा कॅचर जॉनी बेंचचा मोठा वाटा, तेही १९६० च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे यात नवीन काहीच नाही.

बसताना पाय खांद्यांपेक्षा रुंद, वजन चवड्यांवर, आणि मिटच्या हाताचं कोपर दोन गुडघ्यांत अडकवू नका, नाहीतर हात बाजूला वळतच नाही. बॅटरला फार चिकटूनही बसू नका. २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा कॅचर विल्सन कॉन्ट्रेरासचा डावा हात बॅटरच्या स्विंगमध्ये सापडला आणि हाड मोडलं, इतका मुरलेला खेळाडू असून. हात पूर्ण लांब केल्यावर मिट बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या अलीकडे राहिला पाहिजे.

पीटीच्या सर-मॅडमना कळकळीची विनंती, मास्क, चेस्ट गार्ड चढवण्याआधी रोज दहा मिनिटं टेनिस बॉलवर फक्त हे करून घ्या, उघडा हात मागे आणि नुसत्या मिटने बॉल घ्यायचा. भाची परत खेळतेय. बसली की उजव्या हाताने बुटाची टाच धरून ठेवते, बॉल मिटमध्ये आल्याचा आवाज होईपर्यंत सोडत नाही.

– एक जुनी कॅचर, जळगाव