चर्चेअंती सर्वानुमते

प्रिय शैले,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. ‘विभागप्रमुख झालीस ना, मग आता मनासारखा विभाग चालव’ म्हणे! अगं, प्रमुखपद आमच्याकडे पाळीनं येतं, तीन वर्षांसाठी. ते गळ्यात पडल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की विभाग समित्या चालवतात. प्रमुखानं बैठक बोलवायची, गणसंख्या भरते का ते बघायचं, चहा सांगायचा आणि खाली सही करायची. तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर मधलं सोडून दे, पण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, तेवढं वाच.

आमच्या भूगोल विभागात समित्या किती, हे मात्र विचारू नकोस. खरेदी, ग्रंथालय, प्रवेश, वेळापत्रक, अभ्याससहल, परीक्षा, नॅकसाठी, म्हणजे दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या परिषदेसाठी, कागद गोळा करणारी वेगळीच. मंजूर जागांपैकी बऱ्याच वर्षानुवर्षं रिकाम्या. तासिका तत्त्वावरची मुलं शिकवतात भरपूर, पण त्यांना आम्ही समितीवर घेत नाही. मग उरलो आम्ही चौघं, सगळीकडे तेच. साडेतीनला खरेदी समिती संपते आणि ग्रंथालय समिती सुरू होते, तेव्हा खुर्चीवरून कुणी उठतही नाही. आमच्या कार्यालयातले भाऊसाहेब फक्त समोरचं रजिस्टर बदलतात. मध्यंतरी पुस्तकं यायला उशीर झाला म्हणून ग्रंथालय समितीनं खरेदी समितीकडे लेखी खुलासा मागवला. पत्रावर सही माझी, पत्र आलं माझ्याच नावे, आणि ‘तीन कोटेशन वेळेत न मिळाल्याने’ हा खुलासाही मीच केला. जावक क्रमांक, आवक क्रमांक, सगळं रीतसर!

पण ही झाली घरातली गंमत. खरं राजकारण अभ्यास मंडळात, जिथे विषयाचा अभ्यासक्रम ठरतो. आपण शिकत होतो तेव्हा अभ्यासक्रम आकाशातून पडतो असंच वाटायचं, नाही? आता महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठातला विभागप्रमुख त्यात असतोच. बाकी काही कुलगुरूंनी नेमलेले, काही संलग्न महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांमधून निवडून आलेले, काही बाहेरचे. निवडून येणाऱ्यांच्या निवडणुकीत पॅनल असतात, फोन होतात, जेवणावळी होतात. भूगोलाच्या अभ्यास मंडळासाठी एवढी धावपळ कशाला, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. पण अभ्यासक्रम ठरला की शेकडो वर्गांत तोच शिकवला जातो, त्यावर पुस्तकं निघतात, पेपर सेट करणारे आणि परीक्षक त्यातूनच पुढे येतात.

२०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचे होते, तेव्हाच्या बैठका मी विसरणार नाही. आराखडा वरूनच आलेला: सत्राला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप). पहिल्या सत्रात मुख्य विषयाला १४, वैकल्पिक ४, संशोधनपद्धती ४. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४. म्हणजे मंडळानं ठरवायचं काय, तर त्या १४ मध्ये काय घालायचं एवढंच. त्यावरून दुपारभर खडाजंगी. जुन्या मंडळींना प्लेन टेबल आणि डंपी लेव्हल ही जुनी उपकरणं घेऊन केलेलं सर्वेक्षण हवं, टोपोशीट, म्हणजे उंचसखल दाखवणारा नकाशा, हातात घेऊन वाचता आली पाहिजे हा त्यांचा हट्ट. तरुणांना सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास, आणि जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशाकाम. दोघांचंही बरोबर. मी मनातून जीआयएसच्या बाजूची, हे तुला सांगायला नकोच.

तेवढ्यात तालुक्याच्या कॉलेजातले एक सर उठले. तोवर ते एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, “मॅडम, जीआयएसचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे मान्य. पण आमच्याकडे कॉम्प्युटर दहा, त्यातले चालतात चार. दुपारी लाइट जाते. प्रात्यक्षिकाला चोवीस पोरं. तुम्ही इथे ठरवाल, मार्क मात्र आम्हाला द्यायचे आहेत, न शिकवलेल्याचे.” सगळे गप्प झाले. त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच होतं. मग अध्यक्ष म्हणाले, “सरांचा मुद्दा रास्त आहे, आपण नोंद घेऊ.”

पंधरवड्यानं इतिवृत्त आलं. त्यात काय होतं सांगू? ‘विषय क्र. ४ : सविस्तर चर्चेअंती सदर अभ्यासक्रमास सर्वानुमते मान्यता देण्यात आली.’ बस्स. सरांचं नाव नाही, चार कॉम्प्युटर नाहीत, लाइट नाही. पुढच्या बैठकीचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’, तो आपण राष्ट्रगीतासारखा उभ्याउभ्या उरकतो. कायम झालं की झालं. नंतर कागद विद्याशाखेकडे, तिथून विद्या परिषदेकडे. तिथे एका बैठकीत इतके अभ्यासक्रम येतात की कुणी आतलं पान उघडत असेल असं मला वाटत नाही. वरच्यांनी बघायचं ते हेच एक वाक्य. मग त्यांना सरांची अडचण कळणार तरी कशी?

आणि प्रवेश तोंडावर आले, परिषदेची बैठक लागत नसली, की ‘बारा-सात’. त्याच कायद्याचं कलम १२(७). तातडी असेल तर कुलगुरू त्या मंडळाच्या वतीनं निर्णय घेतात आणि नंतर मंडळापुढे ठेवतात. तरतूद वाईट नाही, अडलेली कामं सुटतात. पण तातडी बहुतेकदा आमच्याच आळसातून आलेली असते. आमच्याकडे आता ‘बारा-सातला टाका’ हे ‘पोस्टात टाका’ इतक्या सहज म्हणतात.

म्हणून मला वाटतं, सत्ता अध्यक्षाकडे नाही आणि बहुमताकडे तर नाहीच. ती विषयपत्रिका करणाऱ्याकडे आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याकडे आहे. भाऊसाहेबांना हे केव्हाचं ठाऊक. अडचणीचा विषय असला की ते हळूच विचारतात, “मॅडम, पत्रिकेवर घ्यायचा, की आयत्या वेळी अध्यक्षांच्या परवानगीनं?” आयत्या वेळी म्हणजे कुणी तयारी करून येणार नाही, कागद तिथेच वाटले जाणार आणि पाचच्या बसची वेळ झालेली असणार. असे कितीतरी ठराव त्या बसनं पास केलेत!

समित्या नकोत असं मात्र मी म्हणणार नाही. एकहाती कारभाराचे विभाग आपण विद्यार्थी म्हणून भोगलेत. आमच्या पीएच.डी.च्या संशोधन सल्लागार समितीचंच बघ. २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला दर सत्रात तिच्यापुढे कामाचं सादरीकरण करावं लागतं. माझी एक विद्यार्थिनी भूजलावर काम करते. तिनं नमुन्याला घेतलेल्या विहिरींचा नकाशा दाखवला, तेव्हा भूशास्त्राच्या एक बाई म्हणाल्या, “या सगळ्या रस्त्याच्या कडेच्या दिसतात. मोटारसायकल जाईल तेवढंच पाणी मोजलंस का?” मी मार्गदर्शक, आणि इतके महिने तोच नकाशा माझ्याही टेबलावर होता! पोरगी पुढच्या उन्हाळ्यात चालत डोंगराच्या अंगाच्या वाड्यांवर गेली, नव्या विहिरी घेतल्या. समितीत तीनच माणसं, पण तिघांनीही अहवाल आधी वाचलेला. बाईंचा प्रश्न अहवालात जसाच्या तसा उतरला, म्हणून पुढच्या वेळी पोरीला उत्तर द्यावं लागलं.

आता तुझ्याकडचं. तू तिथे जर्मनीत फॅकल्टीच्या परिषदेवर मधल्या फळीची, म्हणजे प्राध्यापक नसलेल्या शिक्षक-संशोधकांची, प्रतिनिधी आहेस, विद्यार्थी आणि कार्यालयातली माणसंही मतं देतात, हे मी इथे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. १९७३ चा तो कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाचा निकालही सांगितला: शिकवण्याच्या बाबतीत प्राध्यापकांची निम्मी मतं, संशोधन आणि नेमणुकांत त्यांचंच पारडं जड. एक ज्येष्ठ सहकारी लगेच म्हणाले, “बघा, शेवटी तिकडेही आम्हीच!” असोत बापडे. पण तिथे नेमणुकीच्या समितीत विद्यार्थी बसतात ना? आमच्याकडे निवड समितीत कुलगुरू, कुलपतींचे प्रतिनिधी, बाहेरचे तज्ज्ञ, अधिष्ठाता. विभागाकडून मी एकटी. ज्यांना त्या माणसाकडून शिकायचंय ते दाराबाहेर.

माझं काम असं. तू लिहिलं होतंस, की नेमणुकीच्या समितीत एखाद्याचं मत वेगळं असेल तर तो आपलं टिपण वेगळं लिहून अहवालाला जोडू शकतो आणि ते वरपर्यंत जातं. त्याचा एखादा नमुना मिळेल का? नावंगावं काढून टाक. इकडेही ‘माझा विरोध नोंदवा’ असं अधिसभेत गरजतात, पण अभ्यास मंडळात भिडेखातर कुणी म्हणत नाही. पुढच्या महिन्यात अभ्यासक्रमाचा आढावा आहे. मी तालुक्याच्या सरांना फोन केला, “तुमचं म्हणणं अर्ध्या पानात लिहून द्या, मी सहीनिशी जोडते.” ते म्हणाले, “मॅडम, असं कुठे जोडतात का?” त्यांना दाखवायला काहीतरी हवंय. मराठी मी करीन, तू फक्त जर्मनचा अर्थ सांग.

काकूंचे गुडघे कसे आहेत? दिवाळीत येणार असशील तर आत्ताच कळव. त्याच आठवड्यात सहल समितीनं कोकण ठरवलंय, आणि त्या समितीची अध्यक्षही मीच.

तुझी,
वासंती