कोपऱ्यातल्या ढिगाचा हिशेब मांडून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही टेम्पोतून ॲक्रिलिकच्या शीट उतरवायचात, पाणी प्यायचात आणि निघायचात. त्या दिवशी मात्र कोपऱ्यातल्या कटपीसच्या ढिगाकडे बघून विचारलंत, "पोरी, हे कुणाच्या पैशाचं पडलंय?"

नोव्हेंबर २०२३ होता. दुकानांवर मराठी पाट्या लावायला सुप्रीम कोर्टाने दिलेली मुदत २५ तारखेला संपत होती, त्यामुळे अख्ख्या मुंबईला आम्हा पाट्या बनवणाऱ्यांची आठवण झाली होती. रात्री दोनपर्यंत शीट कापायचं लेझर मशीन चालायचं, तरी गल्ल्यात पैसा दिसेना. मी दोष उधारीला देत होते.

तुम्ही माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर मांडून दाखवलंत. शीट ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फूट, ३२०० रुपयांची. पाटी ५ बाय ३ ची. मी १५ फुटांचे १५०० लावायचे. उरला ४ बाय ३ चा तुकडा आणि ५ बाय १ ची पट्टी. तुकडा कामाला येईल, पण कधी ते ठाऊक नाही, म्हणून तो आपण अर्ध्या भावात, ६०० ला, ठेवून घ्यायचा. पट्टीचे शून्य. गिऱ्हाइकाच्या नावावर मालाचे २६०० पडतात. मी दर पाटीमागे ११०० पदरचे घालत होते, आणि वर घासाघीस करणाऱ्याला सूटही देत होते!

"आणि पट्टी पुढे खपली तर?" मी विचारलं.

"तर देवाची कृपा. भाव काढताना कृपा धरायची नाही."

अक्षरांचं गणित मात्र मी नंतर ठेचा खाऊन शिकले. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एकाच्या पोटात दुसरं बसवता येतं. आपला शब्द शिरोरेषेला टांगलेला, एकसंध कापायचा. वर वेलांटीला जागा, खाली उकाराला. आता फूट मोजताना सगळ्यात उंच वेलांटीपासून सगळ्यात खालच्या उकारापर्यंत मोजते. गिऱ्हाईक कुरकुरतं, मग मी शीटवर आखून दाखवते.

फुटाच्या आतले तुकडे फेकून दे म्हणाला होतात, तेवढं अजून जमलेलं नाही. पण प्रत्येकावर मार्करने तारीख असते, आणि सहा महिने झाले की भंगारात.

तुमच्या दाराची पाटी तयार आहे, काका. ४ बाय ३ च्या त्याच तुकड्यातली. पुढच्या खेपेला घेऊन जा, पैशाचं नाव काढू नका.

तुमची,
पाटीवाली