मावशी, शिलाई मशीनच्या हातचाकावरच्या तुमच्या हातासाठी

मावशी,

समोर येऊन बोललो असतो तर "अरे, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

परवा दोन तास मुसळधार पावसात सायकल चालवली. घरी येऊन आपण जुन्या ताडपत्रीची शिवलेली कॅरियरवरची बॅग सोडवली, तोंडाच्या तिन्ही घड्या उलगडल्या आणि आत हात घातला. वह्या कोरड्या. तळाचा कोपरासुद्धा कोरडा. ओल्या कपड्यांनिशी मी तिथेच जिन्यात बसून राहिलो.

आधीची हकिकत तुम्हाला मी अर्धीच सांगितली होती. विकत आणलेली 'वॉटरप्रूफ' बॅग पहिल्याच पावसाळ्यात शिवणींतून गळली. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "वॉटरप्रूफ म्हणजे थोडाफार पाऊस." कापड पाणी अडवतं, पण सुईच्या भोकांचं काय, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. झुरिकच्या मार्कस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांनी १९९३ साली ट्रकची जुनी ताडपत्री, गाड्यांचे सीटबेल्ट आणि सायकलच्या ट्यूब यांतून बॅगा करायला घेतल्या, हे मी वाचलं होतं. माझ्याकडेही तेच सामान जमलं होतं. शिवणारा हात मात्र नव्हता.

एका शिंप्याने ताडपत्री पाहूनच नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने काम घेतलं, तीन आठवडे ठेवलं आणि बारीक, दाट टाके घालून दिलं. ताडपत्रीला पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. टाके जवळजवळ आले की कड टपाल तिकिटासारखी सुटते. तशीच सुटली, भर रस्त्यात. वर ऐकवलं काय, तर "कचऱ्याची बॅग कचऱ्यासारखीच होणार." हे वाक्य मला अजून टोचतं. माझा वेळ गेला त्याचं एवढं नाही, पण ज्या वस्तूत अजून दहा वर्षांचा जीव आहे तिला कचरा म्हणायचं आणि आपलं ढिसाळ काम तिच्या माथी मारायचं, याचा राग येतो.

तुम्ही ती ताडपत्री चिमटीत धरून चोळून पाहिलीत आणि विचारलंत, "ओझं किती नेणार?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, तळाला जोड नकोच, एकच पट्टा खालून वळवून दोन्ही अंगांनी वर घेऊ. टाचण्या काढून ठेवल्यात, कारण टाचणीचंही भोक राहतं, आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेत. बाकी कापाकापीबद्दल लिहीत नाही, ती तुम्हाला पाठ आहे.

मला सांगायचंय ते त्या एका कोपऱ्याबद्दल. सीटबेल्ट, ट्यूबची पट्टी आणि ताडपत्रीची दुहेरी घडी तिथे एकत्र येत होती. मशीन अडलं, सुई मोडली. दुसरी घातलीत, तीही मोडली. मीच म्हणालो, "राहू दे मावशी, इथे दोरीने बांधून घेईन." तुम्ही काही बोलला नाहीत. मोटर बंद केलीत, तिसरी सुई लावलीत, मला शेजारी ओढलंत, माझा हात हातचाकावर ठेवलात आणि त्यावर तुमचा. चाक हळूहळू फिरलं. सुई आत गेली, वर आली. सहाव्या टाक्यानंतर तुम्ही हात काढून घेतलात, "आता तू" म्हणालात आणि दोरा कापायची कात्री माझ्या बाजूला सरकवलीत.

तुम्ही एकट्याने ते निम्म्या वेळात केलं असतं. पण मला ते यावं, एवढ्यासाठी तुम्ही थांबलात. चांगुलपणा म्हटलं की मला आता असा थांबलेला माणूस दिसतो. परक्याच्या खटपटीला वेडगळ न म्हणता तिच्यासाठी आपलं चालतं काम बाजूला ठेवणारी माणसं किती आहेत, हे मी गेल्या वर्षभरात मोजलंय. फार नाहीत.

ती बॅग कॅरियरच्या डाव्या अंगाला बसते. उजव्या अंगाची कापून ठेवली आहे. रविवारी येतो. येताना १८ नंबरच्या सुयांचं पाकीट आणतोय, मोडलेल्या दोन सुयांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नव्हतात. कोपरा आला की चाक मी फिरवेन, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमचा,
सायकलवाला