आठ दिवस आधीची पंधरा मिनिटं

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परत येऊन आज बारा दिवस झाले. फोनवर आपण रोज बोलतो, पण आई "सगळं ठीक आहे" म्हणते, बाबा मागून हुंकार देतात आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू आधी एकटीने वाचून घे, मग बाबांना थोडं थोडं वाचून दाखव. शेवटची ओळ मात्र तू वाचायची नाहीस, ती बाबांसाठी आहे.

मनात सलतंय ते आधी सांगते. पक्षाघाताचा झटका येण्याच्या आठ दिवस आधी बाबांच्या हातातून पेन गळून पडलं होतं. पंधरा मिनिटं उजवा हात बधिर होता, जीभ जड झाली होती, आणि मग सगळं पहिल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी माझा फोन आला होता. दोघंही माझ्याशी नीट बोललात, पण यातलं एक अक्षर काढलं नाहीत. मला कळलं ते आयसीयूच्या बाहेर. "याआधी कधी असं झालं होतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि आई, तू खाली बघत सांगितलंस, तेव्हा.

पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून तुम्ही गप्प राहिलात हे मला समजतं. पण त्या पंधरा मिनिटांना डॉक्टर टीआयए म्हणतात. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीमुळे थोडा वेळ तुंबते, मग गुठळी विरघळते आणि माणूस उठून कामाला लागतो. बरं वाटलं की आपण विसरून जातो, आणि तिथेच घात होतो. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढचे काही आठवडे रेंगाळतो. २००७ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला झालेला एक अभ्यास मी वाचला. टीआयए किंवा अगदी सौम्य झटका आलेल्यांना तातडीने तपासून लगेच औषधं सुरू केली, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आलं. आपल्या हातात आठ दिवस होते. हे मी रात्री झोपताना मोजत बसते, आणि तुम्ही मोजू नये असं मला वाटतं. माझं मागणं एवढंच आहे की यापुढे हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळला, एका डोळ्यासमोर अंधार आला किंवा एकाएकी तोल गेला, तर ते दोन मिनिटांत थांबलं तरी तडक रुग्णालय गाठायचं. मला फोन वाटेत केला तरी चालेल.

आई, आता त्या सकाळबद्दल. "मी दोन तास घालवले" हे वाक्य तू मी तिथे होते तेवढ्या दिवसांत किती वेळा म्हणालीस! बाबांची जीभ अडखळत होती, तुला वाटलं रात्रीची झोप झाली नसेल, म्हणून तू त्यांना आडवं व्हायला सांगितलंस. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे मी तुझ्यासमोर बोलले आणि तुझा चेहरा बघून जीभ चावली. तो आकडा तुला बोल लावायला नव्हता गं. खरं तर त्या दिवशी बाबांना इंजेक्शन मिळालं ते तुझ्यामुळे. तातडीच्या विभागात डॉक्टरांनी विचारलं, "हे शेवटचे अगदी ठणठणीत कधी दिसले होते?" आणि तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "सव्वासात. रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, तेव्हा ते माझ्याशी चांगले बोलले." गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन बहुतेक वेळा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. वेळ पक्की ठाऊक नसेल तर डॉक्टर सहसा ते द्यायला धजत नाहीत, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाबांना ते पावणेअकराला टोचलं. साडेतीन तास झाले होते. तुझं ते "सव्वासात" नसतं तर आज बाबा भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ शकले असते की नाही, कोण जाणे.

आजीला १९८९ साली झटका आला तेव्हा पक्षाघातावर हे इंजेक्शन रुळलेलंच नव्हतं. त्याचा उपयोग होतो हे सिद्ध करणारी मोठी चाचणी १९९५ सालची. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढतात, ते तर त्याहूनही अलीकडचं, २०१५ नंतर रुळलेलं. आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करता येतं. म्हणून "लकवा मारला की हरी हरी करायचं" हे आजीच्या वेळचं बोलणं आपल्या घरात नको. उशीर झाला असं वाटलं तरी निघायचंच. आणि घरात कुठलीच गोळी द्यायची नाही, ॲस्पिरिनसुद्धा नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही, ते सीटी स्कॅनमध्येच दिसतं. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढेल. पाणीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. रक्तदाबाची गोळी तुम्ही चार महिन्यांपूर्वी बंद केली होती, कारण मोजला तेव्हा तो नॉर्मल आला होता. बाबा, गोळी चालू होती म्हणूनच तो नॉर्मल होता. ३२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की दहातले नऊ झटके ज्या कारणांशी जोडलेले असतात, त्या कारणांवर आपल्याला काहीतरी करता येतं: धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, बैठी सवय, दारू, मनावरचा ताण, खाणं, हृदयाचे विकार आणि या सगळ्यांत वरचढ, रक्तदाब. त्याला स्वतःचं दुखणं नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो.

दुसरी गोष्ट त्या छातीला चिकटवलेल्या, ठोके नोंदवणाऱ्या मशीनमध्ये सापडली, हृदयाचे अनियमित ठोके. डॉक्टर त्याला एएफ म्हणाले. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, तिथे रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून वर मेंदूत जाते. यामुळे झटक्याचा धोका पाचपट होतो. ती पांढरी गोळी, रक्त पातळ करायची, सकाळ-संध्याकाळची, याच्यासाठी आहे. तिचा असर बारा-चोवीस तासांतच ओसरतो, म्हणून एक वेळ चुकली तरी तेवढा काळ तुम्ही उघडे पडता. दात काढायचा असो की आणखी काही, "मी ही गोळी घेतो" हे आधी सांगायचं, आणि स्वतःच्या मनाने ती थांबवायची नाही. कपाटातल्या अंगदुखीच्या गोळ्या मी निघताना टाकून दिल्या, कारण त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि बाबा, कधी पडलात आणि डोक्याला मार लागला, तर खोक दिसो न दिसो, तपासून घ्यायचं. ही गोळी घेणाऱ्याने घरी थांबून बघायचं नसतं.

आता बटणांची गोष्ट. आई, ही तुझ्यासाठी.

मी निघायच्या आदल्या दिवशी बाबा खिडकीपाशी बसून शर्टाची बटणं लावत होते. डाव्या हाताने काज धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी बटण आत ढकलायचं. बोटं बटणावरून घसरत होती. पहिलं बटण अर्धं आत गेलं आणि परत बाहेर आलं. बाबांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तू दारात उभी होतीस. तुझे हात दोनदा पुढे झाले आणि दोनदा मी तुला खुणेने थांबवलं. तिसऱ्यांदा तू ऐकलं नाहीस. पाच सेकंदांत पाचही बटणं लावलीस, कॉलर सारखी केलीस, आणि बाबांनी उजवा हात मांडीवर ठेवून दिला तो तासभर हलवला नाही.

तुझ्या हातात माया आहे, मला का ठाऊक नाही? पण मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. त्याचं काम शेजारचा भाग शिकून घेतो, आणि शिकतो तो फक्त पुन्हा पुन्हा करून. फिजिओ आठवड्यातून तीनदा तासभर येतात. उरलेले सगळे तास तुझे आणि बाबांचे आहेत. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो. नंतरही सुधारणा होते, अगदी वर्षांनीही होते, पण हळू. म्हणून एक बटण बाबांना पंधरा मिनिटं लावू दे. दमले तर थांबू दे, आणि मग दुसरं. उठताना त्यांना उजव्या दंडाला धरून ओढू नकोस, तो खांदा सैल झालाय, निखळतो. कमरेच्या पट्ट्याला धर, फिजिओंनी दाखवलं तसं.

बोलण्याचंही तसंच. बाबांना तुझं नाव सापडत नाही आणि तू रडतेस. पण त्या दिवशी मी "बे एके बे" म्हटलं आणि बाबा थेट "बे दाही वीस"पर्यंत न अडखळता म्हणाले, आठवतं? तू चकित झालीस. पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, नवीन वाक्य जुळवायची वाट तेवढी बंद पडली आहे. बाबांची समज शाबूत आहे, बुद्धी शाबूत आहे. त्यांच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं कुणी बोललं की मला कसंसंच होतं. भेटायला येणाऱ्यांना सांग, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका. छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न, उत्तर हो-नाहीत येईल असा, आणि मग वाट बघायची. शब्द त्यांच्या तोंडून काढून घ्यायचा नाही.

पाणी पिताना ठसका लागला किंवा गिळल्यावर आवाज ओलसर, घोगरा आला, तर गिळण्याच्या तज्ज्ञांना त्याच दिवशी कळव. अन्नपाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि रुग्णालयातून घरी आलेल्यांना परत तिथे नेणाऱ्या कारणांत तो फार वरचा आहे. बाबांनी ताठ बसूनच खायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात असं तू परवा ओझरतं म्हणालीस आणि विषय बदललास. बदलू नकोस. झटक्यानंतर तीनातल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूला इजा झाली म्हणूनही येतं आणि जे गेलं त्याच्या दुःखानेही येतं. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. मनाने खचलेला माणूस बटण लावायला बसणार नाही, म्हणून हे उरलेल्या सगळ्या उपचारांच्या आधी येतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तूच सांग. बाबा, तुम्हाला राग येईल, पण मी तिला सांगायला लावते आहे.

आणि आई, तू. त्या सगळ्या दिवसांत घरातलं बीपीचं मशीन बाबांच्याच दंडाला लागलं. मी जायच्या आदल्या रात्री हट्टाने तुझं मोजलं तर वरचा १६२. तू म्हणालीस, धावपळीमुळे असेल. असेलही. पण तुझ्या आईला झटका आला होता, तू पासष्टची आहेस आणि दीड महिना तू सलग चार तास झोपलेली नाहीस. जगात पंचविशीच्या पुढच्या दर चौघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी झटका येतो, आणि आपल्या घरात आता दोन झाले. मला तिसरा नको आहे. पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, आणि मशीन चालू असताना बोलू नकोस. मिनिटभराने परत मोज. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. वहीत लिही आणि वही डॉक्टरांना दाखव. रात्रीसाठी माणूस ठेवायचं मी ठरवलं आहे. त्यावर आपण वाद घालणार नाही.

पुढच्या महिन्यात येते. तोवर फोनवर "ठीक आहे" असं म्हणू नका. काय झालं ते सांगा, किती का लहान असेना.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, ही ओळ तुमची. मोठ्याने वाचा, हवा तेवढा वेळ घ्या. आई, मध्ये बोलायचं नाही.

आई, बस. आता तुझं बीपी मी मोजतो.