वडिलांचा चष्मा

सॅन डिएगो

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं राहिला, तर कागदपत्रं रीतसर का नाही करून घेतली?" तेव्हा मी नुसता हं म्हणालो. पण ते डोक्यातून जात नाही.

शेजारचा तो छपरांची कामं करणारा, १४ वर्षं इथे होता. हद्दपारीचा जुना हुकूम होता, पण दरवर्षी इमिग्रेशनच्या कचेरीत हजेरी लावायची नि घरी यायचं, असं चाललं होतं. या खेपेला हजेरीला गेला तो आलाच नाही. चौथ्या दिवशी फोन आला, तो सीमेपलीकडून, मेक्सिकोतल्या तिहुआनाहून. बायकोकडेही कागद नाहीत. ती भेटायला गेली, तर तिलाही परतीची वाट बंद.

रीतसर म्हणतोस ना, ऐक. १९९६च्या कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त विनापरवाना राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, की १० वर्षं आत येऊ शकत नाही. सवलत मागता येते, पण नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्या जोडीदाराचे, नाहीतर आईवडिलांचे हाल दाखवून. मुलांचे हाल त्यात धरतच नाहीत! मी दोनदा वाचलं रे ते. त्याची मुलगी जन्माने अमेरिकन आहे, पण बापासाठी अर्ज करायला तिला २१ पूर्ण व्हावी लागतात. ती आता ११ची. तिने हे बोटांवर मोजून मलाच सांगितलं.

२०१८ साली सीमेवर हजारो मुलं आईबापांपासून तोडली. इथल्याच न्यायाधीशांनी ती परत द्यायला सांगितली, तेव्हा कुणाचं मूल कुठे ठेवलंय याची धड नोंदसुद्धा नव्हती. त्या वेळी लोक रस्त्यावर आले होते. हजेरीच्या खिडकीशी मोडलेल्या घरासाठी कोणी येत नाही.

रविवारी मीच पोरीला घेऊन गेलो. आईने संमतीपत्र नोटरी करून दिलं होतं. सीमेलगत सॅन इसिद्रोला इथली ट्रॉली, म्हणजे ट्राम, संपते, तिथून चालत पलीकडे. बापाचा वाचायचा चष्मा घरीच राहिला होता. ती डबी पोरीने पिशवीत टाकली नाही, वाटभर मुठीत धरून होती. त्याने चष्मा लावला आणि तिथेच, उभ्याउभ्या, तिचं प्रगतिपुस्तक वरपासून खालपर्यंत वाचलं. गणितापाशी थांबून पुन्हा वाचलं.

येताना रांगेत ती एक अक्षर बोलली नाही. दारातच आईने मला विचारलं, "वाळलाय का?" मी खरं ते सांगितलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

तुझाच