घरी विणलेला कड्यांचा हातमोजा सुरीसमोर टिकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत तारेच्या कड्या गुंफून चिलखतासारखा हातमोजा घरी कसा करावा, याविषयीचा लेख वाचला. गेली सहा वर्षे फावल्या वेळात मी हाच उद्योग करत असल्यामुळे तो उत्सुकतेने दोनदा वाचला आणि बहुतेक मजकूर पटलाही. मात्र असा मोजा घालून स्वयंपाकघरात निर्धास्तपणे सुरी चालवता येते, अशा आशयाचे जे विधान लेखाच्या शेवटी आले आहे, ते चुकीचे असून एखाद्या वाचकाच्या बोटावर बेतू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखातील कृती मूलतः बरोबर आहे. सळईवर तार घट्ट गुंडाळून स्प्रिंग करायची, ती कापून सुट्या कड्या मिळवायच्या आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांमधून ओवत जाळी वाढवत न्यायची. फक्त तारेचे माप ‘18 गेज’ (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) एवढेच देऊन भागत नाही. एसडब्ल्यूजी या ब्रिटिश पद्धतीत 18 गेजची तार 1.22 मिलिमीटर जाडीची असते, तर एडब्ल्यूजी या अमेरिकी पद्धतीत 1.02 मिलिमीटरची. आतून 6 मिलिमीटर व्यासाच्या कडीसाठी पहिली तार घेतली तर जाळी अंगासरशी बसते, दुसरी घेतली तर ती ढिली पडते आणि कड्याही सहज वाकतात. शिवाय गुंडाळलेली तार सळईवरून सुटताच थोडी उलगडते, स्टेनलेस स्टीलची तर विशेषच, त्यामुळे कडी सळईपेक्षा किंचित मोठी निघते. हे गृहीत न धरल्यामुळे माझी पहिली सगळी मेहनत वाया गेली होती. तार कापताना बारीक तुकडे उडतात, तेव्हा चष्मा लावावा, हेही लेखात यायला हवे होते.

हातमोज्याचे खरे काम अडते ते अंगठ्यापाशी. तळहाताची आणि मनगटाची पट्टी थोड्या सरावाने कोणालाही जमते, पण ही जाळी एका दिशेने ताणते आणि आवळते, तर दुसऱ्या दिशेने फारशी हलत नाही. ताणणारी दिशा बोटाभोवती आली नाही, तर बोट सांध्यापाशी अडकते आणि मोजा घालताही येत नाही, काढताही येत नाही. अंगठा तर पंजाला तिरका फुटतो, तेव्हा त्याच्या बुडाशी कड्या कुठे वाढवायच्या आणि कुठे गाळायच्या, हे कागदावर ठरत नाही. हातात घालून, मूठ वळून, पुन्हा उसवूनच ते कळते. मी अंगठा चार वेळा उसवला. मध्ययुगीन युरोपातील चिलखतकारांनीही बराच काळ ही कटकट टाळलेली दिसते. बाराव्या शतकाच्या अखेरीस चिलखताची बाही पुढे वाढवून जो पंजा करत, त्यात अंगठा तेवढा वेगळा आणि चारही बोटे एका पिशवीत असत. तळहाताला चामडे लावून त्यात हात बाहेर काढण्यासाठी चीर ठेवत. सुट्या बोटांचे मोजे त्यानंतर आले.

आता मुख्य मुद्दा. घरी केलेली कडी दोन पकडींत धरून, बाजूला पिळून उघडतात आणि तशीच उलट पिळून बंद करतात. हात बसला की दोन्ही टोके एकमेकांवर घासल्याचे पकडीतून जाणवते आणि मग ती टक्‌कन समोरासमोर येतात; नख फिरवले तरी सांधा लागत नाही. तरीही तो सांधा उघडाच असतो, टोके केवळ एकमेकांना टेकलेली असतात. जुन्या युद्धोपयोगी चिलखतांत कड्यांची टोके चपटी करून त्यांत रिव्हेट, म्हणजे टोके जोडणारा बारीक खिळा, ठोकत, ते उगीच नव्हे. मांस कापणाऱ्या कामगारांच्या मोज्यातील कड्या स्टेनलेस स्टीलच्या, खूप बारीक आणि प्रत्येक सांध्यावर वेल्डिंग केलेल्या असतात, आणि अशा मोज्यांसाठी आयएसओ 13999 हे स्वतंत्र मानक आहे.

खात्री करण्यासाठी मी माझा मोजा चिंध्या भरलेल्या चामडी हातमोज्यावर चढवला आणि त्यावर साधी घरगुती सुरी चालवून पाहिली. पात्याची धार कड्यांवरून घसरली, काही झाले नाही. मग टोक टेकवून नुसता तळहाताचा जोर दिला, तर एक कडी फाकली आणि सुरी चामड्याच्या आत सुमारे एक सेंटिमीटर गेली. सुरी हातातून निसटते तेव्हा ती धारेनेच लागेल, असा भरवसा कोण देणार? जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरली असेल, तर आंबट पदार्थांत ते जस्त उतरते, ही आणखी एक भानगड. आणि ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रांजवळ तर वेल्डिंग केलेला मोजाही घालू नये, कारण एक कडी अडकली की यंत्र आख्खा पंजा ओढून घेते.

हे लिहिताना या कलेविषयी कोणाचा उत्साह कमी करावा, असा हेतू नाही. माझ्या डाव्या हाताच्या मोज्यात सुमारे 1,400 कड्या आहेत, त्यांना 32 मीटरच्या आसपास तार लागली आणि त्याचे वजन पाव किलोहून थोडे जास्त भरते. ॲल्युमिनियमची तार घेतली तर ते साधारण एक तृतीयांश होईल, पण हात काळे होतात. मूठ वळली की कड्या बोटांच्या पेरांवरून ज्या तऱ्हेने सरकतात, ते पाहण्यासाठीच मी तो अधूनमधून हातात घालतो. स्वयंपाकघरात मात्र तो नेत नाही.

तरी उपरोक्त विधानाची दुरुस्ती पुढील अंकात, मूळ लेखाइतक्याच ठळकपणे, प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक